दोन गुडघे आणि एक पाइप

आमच्या मुलीनं महाळुंग्यात खानावळ काढायचं ठरवलं तेव्हा तिनं सगळ्यांना विचारलं. आईला मसाल्याचं विचारलं, नवऱ्याला शेगड्यांचं विचारलं, शेजारच्या बाईला भाकऱ्या थापायला येतेस का म्हणून विचारलं. मला काहीच विचारलं नाही. मी समोरच बसलो होतो, बशीत चहा ओतून.

शेवटी मीच तोंड उघडलं. "टेबलं कसली घेणार?"

"प्लॅस्टिकची, अण्णा. उभ्यानं खायची येतात ना, तसली. हलकी असतात."

"हलकी म्हणूनच नकोत. तिथं जेवायला येणार कोण? कंपनीतली माणसं. शिफ्ट सुटली की कोपरं टेकून उभी राहणार. एकानं कोपर टेकलं की दुसऱ्याची आमटी तिसऱ्याच्या पँटीवर."

"मग काय करू?"

"मी करून देतो. जाड पाइपचा एकच पाय, खाली प्लेट, वर स्टीलचा पत्रा. तुझी नातवंडं म्हातारी होतील, टेबल हलणार नाही."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. ते बघणं मला लग्नापासून माहीत आहे. आधी तिची आई एकटीच भिंतीकडे बघायची, आता तिला जोडीदारीण मिळालीय.

मुलगी म्हणाली, "बरं. एक करून दाखवा. वर ताकाचा पेला काठोकाठ भरून ठेवते. नाही सांडला तर चारही टेबलं तुमची. सांडला तर मी गेले प्लॅस्टिकवाल्याकडं. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. न चालायला काय झालं?

खरं सांगायचं तर मला त्या टेबलांची मुलीपेक्षा जास्त गरज होती. रिटायर झाल्यापासून घरात माझ्या हाताला दोनच कामं उरली होती, सकाळी दूध आणायचं आणि संध्याकाळी टीव्हीचा रिमोट शोधायचा. ज्या हातांनी उभा जन्म लोखंड उचललं त्यांना पिशवी धरायला लावली की ते रुसतात. माझे रुसले होते. मुलीच्या खानावळीत माझ्या हातची एक तरी वस्तू असावी, तिथं येणाऱ्या माणसानं तिच्यावर कोपर टेकावं, एवढंच मला पाहिजे होतं. हे मी घरात कुणाला बोललो नाही. बोलायची गोष्ट नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी मी भंगाराच्या बाजारात गेलो. तिथं वर्षानुवर्षं जातोय, दुकानदार मला बघितल्यावर आधी खुर्ची देतात, मग डोक्याला हात लावतात, कारण मी एक वस्तू घ्यायला दहा उलथ्यापालथ्या करतो. सहा इंची पाइप मिळाला, चांगला जाड, गंज वरवरचा. माझ्यासारखी दोन माणसं डोक्याला पाय लावून आडवी झोपवली तर त्याहून थोडा लांबच. चार पाय बरोबर निघत होते. टेम्पोत घालून पिंपळे गुरवला आणला तेव्हा अख्खी गल्ली बघायला बाहेर.

समोरचे भाऊ गॅलरीतून ओरडले, "काय राव, बोअर मारताय का घरात?"

"नाही," मी म्हटलं, "तुमच्या नळाचं पाणी आमच्याकडं वळवतोय."

आमच्या घरामागं पत्र्याची एक शेड आहे. जुनी सायकल, कूलर आणि माझी हत्यारं तिच्यात राहतात. हत्यारं म्हणजे हातात धरायचा ग्रायंडर, कानस, हातोडा, काटकोन बघायचा गुण्या आणि ओळखीच्या माणसाकडून कायमचं मागून आणलेलं छोटं वेल्डिंग मशीन. बस.

आता हे सांगायला पाहिजे, की मी कंपनीत कटिंगलाच होतो. शाळा चौथीत सुटली, बार्शीकडचं गाव सुटलं, आणि इकडं येऊन जे मशीन हातात आलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. पट्ट्याच्या करवतीचं मशीन. पाइप आडवा ठेवायचा, जबड्यात आवळायचा, बटण दाबायचं. वरून दुधासारखं पांढरं पाणी पडत राहतं आणि करवत सावकाश खाली उतरते. तुकडा खाली पडला की त्याला गुण्या लावा नाहीतर काही लावा, केसाएवढा फरक सापडायचा नाही. साहेब लोक पाहुण्यांना आणून दाखवायचे. मी बाजूला हाताची घडी घालून उभा राहायचो. पाइप सरळ कापणं हे माझं काम, असं मी समजत होतो. मशीन काही बोलत नव्हतं.

तर मी शेडमध्ये पाइप विटांवर ठेवला, माप घेतलं आणि सुतळी गुंडाळून खडूनं गोल रेघ मारली. रेघ फिरून आली ती सुरुवातीच्या जागी आली नाही, थोडी बाजूला आली. सुतळी सरकली असणार, पाइप गोल, सुतळी गोल, कुणी कुणाला धरणार? मी अंदाजानं दोन्ही टोकं जोडून घेतली. गुण्या लावून बघितला, पण गोल अंगावर गुण्या नीट बसत नाही, इकडं टेकवला की तिकडं उचलतो. म्हटलं जाऊ दे, डोळा आहे की आपला.

आणि मी वरून कापायला घेतलं. सवयीप्रमाणे. वरून खाली. पाइप जागच्या जागी, ग्रायंडर खाली खाली. अर्ध्यावर गेल्यावर चकती पुढं जाईना, मग डाव्या अंगाला गेलो. तिथून वाकून खालच्या अंगाला. मग उठून उजवीकडं. कमरेतून कळ निघत होती, चष्म्यावर घाम, कानात घूं. शेवटी तुकडा सुटला तेव्हा वरून आलेली चीर आणि खालून आलेली चीर यांची गाठ पडली नव्हती. दोघींच्यामध्ये बांगडीच्या जाडीएवढी पायरी राहिली होती.

पायरी मी घासून काढली. वरून बघितलं, छान दिसत होतं. खाली प्लेट जोडली, वर प्लेट जोडली, पत्रा बसवला, पॉलिश मारलं. संध्याकाळी मुलगी आली. टेबल मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढवून ठेवलं होतं, कारण आमच्या घरात भरवशाची सपाट जागा तेवढीच, ग्रॅनाइटची. त्यावर टेबल, आणि टेबल एवढं उंच की मुलीला पेला ठेवायला स्टुलावर चढावं लागलं.

तिनं काठोकाठ ताक भरलं आणि पेला मधोमध ठेवला. ताक एका बाजूनं काठावर आलं, क्षणभर थांबलं, आणि ओघळ पत्र्यावरनं सरळ माझ्या बाजूला.

मग आमची मंडळी म्हणाली, "ताक पातळ झालं असंल."

मुलगी हसू दाबत म्हणाली, "अण्णा, राहू द्या. मी उद्या प्लॅस्टिकवाल्याला फोन करते."

"करायचा नाही," मी म्हणालो. "पाइप अजून शिल्लक आहे."

"मोबाइलवर व्हिडिओ असतात, दाखवू का?"

"मला कापायला मोबाइल शिकवणार?"

तिनं हात जोडले. "रविवारपर्यंत थांबते. रविवारी टेम्पो सामान घेऊन जाणार."

ते वाकडं टेबल मी पाण्याच्या टाकीमागं नेऊन लपवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा शेडमध्ये गेलो. पाइपसमोर बसलो. उठलो. त्याच्या भोवती फिरलो. पुन्हा बसलो. रेघ मारली, पुसली, पुन्हा फिरलो. आमची मंडळी दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लसूण सोलत बसली होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, म्हणून तिचं सगळं राज्य त्या खुर्चीतून चालतं. बराच वेळ ती बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "मी वर्षातनं एकदा वडाला फेऱ्या मारते. तुमी तर सकाळधरनं पायपाला मारताय. सात जन्म ह्योच पायजे का?"

"तू लसूण सोल."

"सोलतेच की. पन मी म्हणते, पायप गोल हाय. तुमची कंबर गोल न्हाई. मग तुमी कशाला फिरताय? त्याला फिरवा."

मी हातातला खडू खाली ठेवला. कंपनीत पाइप जबड्यात आवळलेला असायचा, त्यामुळं पाइप हलवायचा नसतो हे माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. पण इथं कुठाय जबडा? मी तडक उठलो आणि भंगारवाल्याकडं गेलो. चाकणच्या कंपन्यांतून खोकी वाहायच्या पट्ट्यांचे जुने रोलर त्याच्याकडं ढिगानं पडलेले असतात. चार आणले. दोन या टोकाला शेजारी शेजारी, दोन त्या टोकाला. त्यांच्या खोबणीत पाइप ठेवला. एका बोटानं ढकलला तर गर्रकन फिरला. एवढं धूड, पण पाळण्यासारखं. पाइपच्या शेपटाला एक जड वीट लावून टाकली, म्हणजे फिरताना पुढं-मागं सरकायला नको.

राहिली रेघ. सुतळीचा भरवसा नव्हता. पाहिजे होतं असं काहीतरी जे वाकेल पण ताणणार नाही, आणि ज्याची कड सरळ असेल. असं काही पाइपला गुंडाळलं आणि कड फिरून स्वतःवरच तंतोतंत आली, तर रेघ काटकोनातच असते. तिरकी असेल तर कडा एकमेकींना चुकतात. इथं गुण्या लागतच नाही, पाइप स्वतःच सांगतो. हे मला कळत होतं, पण वस्तू सापडेना. वर्तमानपत्र चुरगळतं. पुठ्ठा मोडतो. कॅलेंडर लावून बघितलं, ते सुरळी होऊन होऊन भजी झालेलं.

मग घरात कपाटाच्या वर नजर गेली. दवाखान्याची मोठी पिशवी. आतमध्ये एक्सरेच्या दोन फिल्म, एक डावा गुडघा, एक उजवा. काय वस्तू आहे! कडक पण लवचिक, कड यंत्रानं कापलेली. एक फिल्म पाइपला पुरत नव्हती, म्हणून दोन्ही गुडघे ओट्याच्या कडेला टेकवून एका रेषेत धरले आणि चिकटपट्टीनं जोडले.

पाइपला गुंडाळले. पहिल्यांदा कडा जुळेनात, बोटभर फरक. फिल्म थोडी फिरवली. पुन्हा नाही. पुन्हा फिरवली, आणि कड कडेवर येऊन अशी बसली की नख घालायला जागा नाही. मी तिथंच शेडमध्ये एकटा मोठ्यानं हसलो.

"काय झालं वो?" बाहेरून आवाज.

"काही नाही. तुझे गुडघे जुळले."

ती काठी टेकत आत आली. पाइपला मिठी मारून बसलेले स्वतःचे गुडघे तिनं बघितले.

"अगं बाई! डॉक्टरनं परत आणायला सांगितल्यात त्या!"

"मिळतील परत."

"भाजलेल्या?"

"कापायच्या आधी काढणार की. नुसती रेघ मारायचीय."

"मारा," ती म्हणाली. "तसंबी त्या गुडघ्यांनी दुसरं काय काम केलंय आता."

मी खडूची रेघ मारली, फिल्म सोडवून तिच्या हातात दिली. मग तिची खुर्ची पाइपच्या दुसऱ्या टोकाला लावली, ठिणग्या जाणार नाहीत अशा बाजूला. मी म्हटलं, "मी हो म्हटलं की थोडा फिरवायचा. थांब म्हटलं की थांबायचं."

"जन्मभर तेच करत आले."

डोळ्यांवर चष्मा चढवला आणि ग्रायंडर पाइपच्या माथ्यावर एकाच जागी धरला. आता मी हलायचंच नाही असं ठरवलं. पहिली फेरी नुसती ओरखड्याची. चकती रेघेला जेमतेम चाटून जाते, खोल जायची घाई नाही. ती थोडा फिरवायची, मी थोडं चाटायचो. पूर्ण फेरा झाल्यावर ओरखडा फिरून स्वतःला बरोबर येऊन मिळाला. त्यानंतर चकतीला वाट मिळालीच, ती दुसरीकडं जायचं म्हणाली तरी जाऊ शकत नव्हती. दुसऱ्या फेरीला आणखी खोल, तिसरीला आणखी. शेवटी तुकडा सुटायला आला तेव्हा ठेवणीतल्या लाकडाचा टेका खाली सरकवला, नाहीतर तुकडा लोंबकळतो, चकती चावतो, आणि तुटकी चकती कुणाचं नातं बघत नाही.

तुकडा टेक्यावर अलगद बसला. आवाजसुद्धा केला नाही.

मी तो उचलून ओट्यावर उभा केला. खाली उजेड दिसतो का ते वाकून बघितलं. नव्हता दिसत. चारी बाजूंनी बघितलं. मग तिनंही बघितलं, म्हणजे वाकता येत नाही म्हणून मी मोबाइलनं फोटो काढून दाखवला.

"बरं जमलं," ती म्हणाली. मशीनवर होतो तेव्हा एवढं कुणी म्हणालं नव्हतं, तिथं सगळं मशीनलाच म्हणायचे.

शनिवारपर्यंत तीन टेबलं झाली. मुलीनं संध्याकाळी येऊन तिन्हींवर ताक ठेवलं, सांडलं नाही, मग तेच ताक आम्ही तिघांनी पिऊन टाकलं. चौथ्याला पाइप उरला नव्हता. भंगारात तसला दुसरा मिळेना, वेगळ्या जाडीचा मी लावणार नव्हतो. मुलगी म्हणाली, "तीन पुरतील." मला वाटलं, चला, विषय संपला.

रविवारी सकाळी सामानाच्या टेम्पोमागं आम्ही रिक्षानं महाळुंग्याला गेलो. पत्र्याचं शेड, समोर कंपनीची भिंत, आत नवीन फरशी, फोडणीचा वास. माझी तीन टेबलं ओळीनं मांडली. एकेकाला धक्का देऊन बघितला, खांबासारखी. आणि मग कोपऱ्यात नजर गेली. हात धुवायच्या बेसिनशेजारी एक निळं प्लॅस्टिकचं टेबल.

"हे काय?"

"अण्णा, एक कमी पडत होतं. तेवढ्यापुरतं."

"तीन पुरतील म्हणालीस ना?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले."

त्यामुळंच वाईट वाटलं. माणसं आत यायला लागली होती, नाहीतर मी आणखी बोललो असतो. मी निळं टेबल उचलून बाहेर ठेवलं आणि माझं एक ओढत त्या कोपऱ्यात नेलं. जावई धावला, "अण्णा, कंबर, कंबर!" मुलीनं शांतपणे ताकाचा पेला आणला आणि त्यावर ठेवला. ताक ओघळलं.

"जमीन वाकडी आहे," मी म्हणालो.

"जमीन वाकडी नाही, अण्णा. बेसिनचं पाणी जाळीकडं जावं म्हणून मुद्दाम उतार दिलाय. म्हणून तर तिथं हलकं टेबल ठेवलं होतं, खाली पुठ्ठा घालून."

आता काय करायचं? टेबल बरोबर, जमीन बरोबर, आणि ताक सांडलेलं. निळा पेंट उडालेल्या हेल्मेटवाला एक कामगार तिथं उभा राहून बघत होता. म्हणाला, "काका, पुठ्ठा घाला की खाली."

"माझ्या टेबलाखाली पुठ्ठा जाणार नाही."

"मग उतारालाच पॉलिश मारा," तो म्हणाला, आणि मागचे दोघं हसले.

तेवढ्यात आतून, स्वयंपाकाच्या बाजूनं, आवाज आला. "ते वाकडं न्या की."

मी आत गेलो. आमची मंडळी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. खुर्चीवर नाही, उभी. आणि कोथिंबीर होती टाकीमागच्या माझ्या त्या वाकड्या टेबलावर. तिनं मला न सांगता टेम्पोवाल्याकडून पातेल्यांच्या मागं चढवून घेतलं होतं.

"हे कशाला आणलंस?"

"मला बरं पडतं. खाली वाकावं लागत न्हाई. दोन दिस झाले ह्याच्यावरच निवडते मी, तुमचं कुठं ध्यान असतं." आणि कोथिंबीर गोळा करून तिनं टेबल मोकळं केलं. "न्या. त्याचा पाय वाकडा, तिथली फरशी वाकडी. जमलं तर जमलं."

जावयानं आणि त्या हेल्मेटवाल्यानं मिळून ते बेसिनपाशी आणलं. मी पेला वर ठेवला आणि टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवायला लागलो. ताक एका काठावरून दुसऱ्या काठाकडं सरकत गेलं. थोडं आणखी फिरवलं. आणखी केसभर. एका जागी येऊन ताक पेल्यात असं थांबलं, की काठाला चारी बाजूंनी सारखं.

मी हात काढला. हेल्मेटवाल्यानं टेबलावर कोपर टेकलं, मग दुसरं टेकलं. ताक हललं नाही.

"काका, हे बरोबर मापानं केलंय तुम्ही," तो म्हणाला. "उतार आधी बघून गेला होता काय?"

मुलगी माझ्याकडं बघत होती. आतून कोथिंबिरीचा आवाज थांबला होता.

"अनुभव असतो, भाऊ," मी म्हणालो. "जेवायला काय घेणार?"

मुलगी एवढी हसली की तिला गल्ल्याशी जाऊन पाठमोरं उभं राहावं लागलं. निळं टेबल तिनं स्वतःच नेऊन पावती दाखवून परत केलं, दुपारच्या आतच. त्या वाकड्या टेबलाच्या पायाशी मी खडूनं फरशीवर खूण केलीय, रोज पुसली जाते आणि रोज मुलगी पुन्हा करते, कारण झाडताना कुणी ते फिरवलं की ताक सांडतं आणि गिऱ्हाईक म्हणतं टेबल वाकडं आहे.

त्या रविवारी संध्याकाळी परतताना रिक्षात आमची मंडळी म्हणाली, "माझं टेबल गेलं."

"नवीन करून देतो."

"ह्या खेपेला आधीच सांगते. मागच्या एवढं उंच नको, माझ्या कमरेला लागंल एवढं करा. आणि सरळ करा."

"सरळच करणार."

"आन् माझे गुडघे कुठं ठेवलेत?"

गुडघे शेडमध्येच होते, सायकलच्या कॅरिअरवर, चिकटपट्टीनं जोडलेले. ते मी अजून सुटे केलेले नाहीत. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, आणि पाइप उद्या सकाळी येतोय.